बेगडी बाजा

वऱ्हाडातल्या कुठल्याही गावात जाऊन 'बेंजो कोणाकडे आहे?' असं विचारलं, तर लोक एक लांबट लाकडी पेटी आणून समोर ठेवतील. पेटीवर ताणलेल्या तारा आणि तारांवर टाइपरायटरसारखी बटणं. डाव्या हाताने बटणं दाबायची आणि उजव्या हातातल्या पट्टीने तारा छेडायच्या. भजनी मंडळात, कव्वालीच्या मुकाबल्यात, भीमगीतांच्या कार्यक्रमात, लग्नाच्या वरातीत वर्षानुवर्षं वाजत आलेला बेंजो तो हाच. शब्दकोश उघडला की मात्र बँजो म्हणजे निराळंच वाद्य निघतं. डफासारखं गोल कडं, त्यावर कातडं मढवलेलं, त्याला लांब दांडी आणि दांडीवर चार-पाच तारा. ते वाद्य अमेरिकेचं. आपल्या पेटीचं कागदोपत्री नाव बुलबुलतरंग आणि तिचं माहेर जपान.

नाव अमेरिकेचं, देह जपानचा आणि संसार आपल्याकडचा, हे कसं झालं, हा या लेखाचा पहिला प्रश्न. दुसरा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो. तीन-चार पिढ्या आपल्यात वाजलेल्या या वाद्याला आपण संगीताच्या इतिहासात धरत का नाही? हार्मोनियमवर केवढा वाद झाला. आकाशवाणीने १९४० मध्ये तिला बंदी घातली आणि ती तीन दशकं टिकली. बाजूने आणि विरोधात पानंच्या पानं लिहिली गेली. बेंजोच्या वाट्याला बंदीचाही मान आला नाही. ज्याची दखलच घ्यायची नाही त्यावर बंदी कशाला घालायची?

या प्रश्नाचं उत्तर शोधताना मी पुन्हापुन्हा एकाच गोष्टीपाशी येऊन थांबलो. ती गोष्ट म्हणजे बेंजोचा चकचकाट. आरशाचे तुकडे, रंगीत चमकी, शिंपल्यासारखा झळकणारा पत्रा, चितारलेली फुलं. जाणकार कान वाद्य ऐकण्याआधीच डोळ्यांनी त्याला निकालात काढतात. मराठीत त्यासाठी तयार शब्दही आहे, बेगडी. हा शब्द कुठून आला ते आपण विसरलो आहोत, त्याकडे पुढे येतोच. आधी बँजोचा प्रवास पाहू.

कातड्याचा बँजो

बँजोचं मूळ पश्चिम आफ्रिकेत आहे. भोपळ्यावर कातडं मढवून त्याला काठीची दांडी बसवलेली वाद्यं तिथे आजही वाजतात. सेनेगल आणि गांबिया भागातलं अकॉन्टिंग हे त्यांपैकी एक. गुलाम म्हणून जहाजांत कोंबून नेलेल्या माणसांना सामानसुमान नेण्याची सोय नव्हती, पण वाद्य कसं घडवायचं हे त्यांच्या हातांना ठाऊक होतं. डॉक्टर हान्स स्लोन १६८७ मध्ये जमैकाला गेला. तिथल्या गुलामांची भोपळ्याची तंतुवाद्यं त्याने पाहिली आणि १७०७ साली छापलेल्या आपल्या ग्रंथात त्यांचं चित्र दिलं. पुढे अमेरिकेतल्या ऊस, तंबाखू आणि कापसाच्या मळ्यांवर हेच वाद्य दिवसभराच्या राबणुकीनंतर वाजत राहिलं.

१८४० च्या दशकात ते गोऱ्या माणसांच्या हाती गेलं, ते एका विद्रूप करमणुकीच्या निमित्ताने. गोरे नट जळक्या बुचाची काजळी तोंडाला फासत, काळ्या माणसांच्या बोलण्याची आणि नाचण्याची नक्कल करत, आणि हातात बँजो धरत. या 'मिन्स्ट्रल' खेळांनी अमेरिका आणि इंग्लंड वेडं केलं. आफ्रिकेच्या माणसाचं वाद्य त्याचीच टिंगल करण्यासाठी जगभर फिरू लागलं. मार्च १८५४ मध्ये अमेरिकेचा नौदल अधिकारी पेरी जपानशी तह करायला गेला, तेव्हा 'पोव्हाटन' या जहाजावर जपानी अधिकाऱ्यांना जेवण देऊन त्याच्या खलाशांनी असाच खेळ करून दाखवला. १८६० च्या दशकात डेव्ह कार्सन नावाचा नट आपली मिन्स्ट्रल मंडळी घेऊन हिंदुस्थानात आला. मुंबई आणि कलकत्ता इथे त्याचे खेळ गाजले. काळ्यांच्या नकलेबरोबर तो बंगाली बाबूची नक्कलही करी.

नेमक्या याच दशकात वऱ्हाडचं नशीब अमेरिकेशी बांधलं गेलं. १८५३ च्या तहाने निजामाचा हा मुलूख इंग्रजांच्या ताब्यात आला होता. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झालं, दक्षिणेची बंदरं कोंडली गेली, गुलामांनी पिकवलेला कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला. गिरणीवाल्यांची नजर आपल्या काळ्या मातीकडे वळली आणि भाव चढले. १८६७ पर्यंत भुसावळहून निघालेला लोहमार्ग अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा करत नागपूरला पोचला. ज्या मळ्यांवर बँजो वाढला त्या मळ्यांचा कापूस अडला, म्हणून अकोल्या-अमरावतीचा कापूस महागला.

कापूस आपल्या मागून बँजो घेऊन आला, असं मी म्हणत नाही. पण त्या काळात अमेरिकेतल्या गुलामीकडे पाहण्याच्या दोन मराठी दृष्टी होत्या, आणि त्या इथे शेजारी ठेवून पाहता येतात. एक, तिकीट काढून काजळी फासलेला नट बघणाऱ्या मुंबईकर प्रेक्षकाची. दुसरी जोतीराव फुल्यांची. त्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' प्रसिद्ध केली आणि ती अर्पण केली अमेरिकेत गुलामांना दास्यमुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांना. पुढे बेंजो महाराष्ट्रात ज्यांच्या हाती सर्वांत जास्त रमला, ते गायक आणि वादक या दुसऱ्या दृष्टीचे वारस होते.

चार तारांचा झगमगाट

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात अमेरिकेत बँजोचा एक नवा अवतार निघाला, टेनर बँजो. दांडी आखूड, पडदे सतरा किंवा एकोणीस, तारा फक्त चार. या तारा व्हायोलाप्रमाणे पाच-पाच स्वरांच्या अंतराने लावायच्या आणि बोटांऐवजी पट्टीने छेडायच्या. नाचघरांत तेव्हा मायक्रोफोन नव्हता. ट्रम्पेट आणि ड्रमच्या गलक्यात गिटारचा आवाज बुडून जाई, टेनर बँजोचा मात्र खणखणीत उठे. त्यामुळे १९२० च्या दशकातल्या जाझ मंडळींत त्याला मानाची जागा मिळाली.

आवाजापाठोपाठ रूप आलं. कालामाझूची गिब्सन, बोस्टनची व्हेगा, कनेटिकटची बेकन या कंपन्यांत चढाओढ लागली. धातूच्या भागांना सोन्याचा मुलामा, लाकडावर कोरीव काम, दांडीवर खोटे हिरे. गिब्सनच्या 'फ्लोरेंटाइन' जातीच्या बँजोवर व्हेनिसची रंगीत दृश्यं हाताने चितारलेली असत. पडदे बसवायच्या पट्टीवर आणि दांडीच्या शेंड्यावर शिंपल्यासारखा झळकणारा पत्रा चिकटवत. तो खरा शिंपला नसे, सेल्युलॉइडची नक्कल असे. पुढे हाच माल संडासाच्या बैठकीवरही बसू लागला, तेव्हा अमेरिकन वादकांनी शिंपल्याच्या इंग्रजी नावाला कोटी करून त्याला संडासाच्या बैठकीचं नाव दिलं. जुनी वाद्यं गोळा करणारे लोक ते नाव आजही वापरतात. तिथेही चकचकाटाची थट्टाच झाली.

ही झगमग टिकली जेमतेम दहा वर्षं. १९२५ च्या सुमारास विजेवर चालणारं ध्वनिमुद्रण आलं, मायक्रोफोनने गिटारला आवाज दिला, १९२९ मध्ये बाजार कोसळला. सोनेरी टेनर बँजो माळ्यावर गेले. १९३५ मध्ये लिऑन ॲबीची जाझ मंडळी मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजवायला आली, तोवर जाझमधलं टेनर बँजोचं राज्य ओसरलं होतं. पुढे आयर्लंडच्या लोकसंगीताने त्याला उचललं, तारा खाली उतरवून लावल्या आणि नवा जन्म दिला. आज जुना टेनर बँजो दुरुस्त करणारे कारागीर तो सेल्युलॉइडचा पत्रा काढून फेकत नाहीत. तडे जोडतात, उचकटलेल्या कडा बसवतात. कारण त्या काळातली नाचघरं, दिवे आणि हौस यांचा पुरावा त्या पत्र्यातच आहे, हे आता त्यांना पटलं आहे.

हा पत्रा कशाचा बनतो, तेही सांगितलं पाहिजे. सेल्युलॉइड म्हणजे कापसावर नायट्रिक आम्लाची प्रक्रिया करून त्यात मुरवलेला कापूर. १८७० च्या सुमारास अमेरिकेत हयात बंधूंनी त्याचा धंदा उभा केला. कापूर येई मुख्यतः तैवानमधून, आणि १८९५ पासून तैवान जपानच्या ताब्यात होतं. झळकेसाठी त्यात माशाच्या खवल्यांपासून काढलेलं द्रव्य मिसळत. म्हणजे कापूस, कापूर आणि खवले. खोटा म्हणून हिणवलेला हा शिंपला तीन अगदी खऱ्या वस्तूंपासून झालेला आहे.

नागोयाची पेटी

१९१२ साली जपानमध्ये सम्राट ताइशोचा काळ सुरू झाला. त्याच वर्षी नागोया शहरात मोरिता गोरो या वादकाने एक वाद्य बाजारात आणलं. दोन तारांच्या जपानी कोतोला त्याने टाइपरायटरच्या धर्तीची बटणं जोडली. बटण दाबलं की तार पडद्यावर टेकते आणि नेमका स्वर निघतो. नव्या राजवटीच्या नावाने त्याचं नाव पडलं ताइशोगोतो. स्वस्त, सुटसुटीत आणि घरच्या घरी शिकता येण्याजोगं असल्यामुळे ते जपानमध्ये घरोघर गेलं आणि मग व्यापाराच्या वाटेने बाहेर पडलं. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर स्वाहिली गाण्यांच्या साथीला ते बसलं. जर्मनीत त्याला अकॉर्डोलिया हे नाव मिळालं. हिंदुस्थानात ते झालं बुलबुलतरंग, म्हणजे बुलबुलांच्या सुरांची लाट.

मग बेंजो हे नाव कुठून आलं? माझा तर्क असा. बलुचिस्तानात आणि कराचीच्या बलुच वस्तीत हेच वाद्य बेंजू म्हणून ओळखलं जातं. तिथल्या कारागिरांनी ते लांब-रुंद केलं, तारा वाढवल्या आणि आपल्या लोकसंगीताचं मुख्य वाद्य करून टाकलं. कराची आणि अकोला यांच्यामध्ये इतकं अंतर असूनही अपभ्रंश जवळजवळ एकच आहे. सिंध १९३६ पर्यंत मुंबई इलाख्यात होता. दोन्हीकडचा विलायती माल मुंबई आणि कराची या बंदरांतून उतरत असे. बँजो हा शब्द मिन्स्ट्रल खेळांपासून या बंदरांच्या कानावर होता. पट्टीने छेडलेली पोलादी तार, टणकन उठून चटकन विरणारा सूर, विलायती घाट, एवढी खूण दुकानदारांना पुरेशी वाटली असावी. नाव बंदरात पडलं आणि मालाबरोबर आत आलं. एका वाद्याने दुसऱ्याचं नाव घेतलं ते दिसण्यावरून नव्हे, तर आवाजावरून. म्हणूनच शब्दकोशातला बँजो आणि गावातला बेंजो एकमेकांना ओळखत नसले, तरी डोळे मिटून ऐकणाऱ्याला त्यांचं नातं समजतं.

वऱ्हाडातला संसार

हे वाद्य आपल्या भागात इतकं का रुजलं, याची कारणं त्याच्या रचनेतच आहेत. बटण दाबलं की स्वर बरोबरच लागतो, त्यामुळे स्वरज्ञानासाठी वर्षानुवर्षं गुरूच्या दारात बसावं लागत नाही. ज्यांच्यासाठी ती दारं उघडीच नव्हती, त्यांच्या दृष्टीने ही सोय लहान नव्हती. मुख्य तारांबरोबर काही तारा सतत एकाच स्वरात झणझणत राहतात, म्हणजे तंबोऱ्याची गरज परभारे भागते. पेटी खांद्यावर टाकून बैलगाडीने, एसटीने, पॅसेंजरने नेता येते. आणि उघड्या मैदानात आवाज लांबवर जातो. मात्र बटणांमुळे मींड काढणं जमत नाही, म्हणून शास्त्रीय संगीताने त्याला उंबऱ्याबाहेर ठेवलं. हार्मोनियमवरही हाच आक्षेप होता. पण हार्मोनियमला गायकांनी आत घेतलं, बेंजोसाठी रदबदली करणारं कोणी नव्हतं.

वऱ्हाडची स्वतःची परंपराही त्याला अनुकूल होती. इथे वाद्याची किंमत त्याच्या कुळावरून ठरत नसे. गाडगेबाबांच्या कीर्तनाला सजवलेल्या साथीची गरज नव्हती. तुकडोजी महाराजांनी खंजिरीसारखं साधं वाद्य हाती घेऊन गावंच्या गावं जागी केली. १९५५ मध्ये जपानमध्ये भरलेल्या विश्वधर्म परिषदेला महाराज गेले, तेव्हा ती खंजिरीही गेली. नागोयाची पेटी अमरावती जिल्ह्यात आली आणि अमरावती जिल्ह्याची खंजिरी जपानला जाऊन आली, ही परतफेड मला फार आवडते.

दुसरी परंपरा जलशांची. सत्यशोधक जलशांच्या मागून १९३० च्या दशकापासून आंबेडकरी जलसे उभे राहिले. त्याआधी १९२७ मध्ये अमरावतीच्या अंबादेवी मंदिरप्रवेशाच्या चळवळीने या भागातला तरुण जागा झाला होता. ढोलकी, तुणतुणं आणि पेटी यांच्या साथीने सुरू झालेलं हे गाणं पुढे भीमगीत झालं, कव्वालीच्या मुकाबल्यांत शिरलं, आणि तिथे बेंजोने बस्तान बसवलं. कव्वालीत ओळ संपते आणि टाळी पडते, त्या दोहोंमधली जागा भरायला त्याच्यासारखं वाद्य नाही. गायक दम घेतो तेवढ्या वेळात बेंजोवाला सगळी चाल पुन्हा एकदा झरझर काढून दाखवतो आणि समोरच्या गर्दीत मान डोलू लागते.

आणि हे सगळं चाले रात्री, उघड्यावर, गॅसबत्तीच्या उजेडात. चकचकाट इथे येतो. अकोल्याकडच्या एका कव्वाल पार्टीत तीस वर्षं बेंजो वाजवलेल्या एका वयोवृद्ध वादकांना मी विचारलं, "काका, पेटीला एवढे आरसे कशासाठी लावायचे?" ते म्हणाले, "गानाऱ्याचा चेहरा साऱ्यायले दिसे. आमी बसलो खाली, मांग. आमचा हात कोन पायते? आरसे लावले तवा गॅसचा उजेड त्याच्यावर पडे, अन् पार मांगच्या लोकायलेही समजे का बेंजो वाजून रायला." मायक्रोफोन नसलेल्या नाचघरात टेनर बँजोवर खोटे हिरे बसवणाऱ्या माणसाला हे उत्तर तंतोतंत पटलं असतं.

बेगड या शब्दाकडे आता येऊ. बेगड म्हणजे रंगीत, चकचकीत, कागदासारखा पातळ पत्रा. पोळ्याच्या दिवशी आपल्याकडे बैलाच्या शिंगांना हिंगूळ लावून वर बेगड चिकटवतात. बाशिंगावर बेगड असते, ताबुतावर असते. दुसऱ्या दिवशीच्या तान्ह्या पोळ्याला पोरं लाकडी बैल घेऊन निघतात, त्यांनाही बेगड लावलेली असते. वर्षभर चिखलात राबलेल्या जनावराला एक दिवस राजासारखं मिरवायचं, त्यासाठी सोनं परवडत नाही म्हणून बेगड. ती कोणाला फसवायला लावलेली नसते. हे सोनं नाही, हे बघणाऱ्याला ठाऊक असतं आणि लावणाऱ्यालाही. 'बेगडी' म्हणजे खोटं, ढोंगी, हा अर्थ बैल सजवणाऱ्याने दिला नसणार. ज्याच्या घरी खरं सोनं होतं त्याने तो दिला असणार.

एका पेटीचे तीन थर

काही वर्षांपूर्वी अकोल्यातल्या एका जुन्या सामानाच्या दुकानात मला एक मोडका बेंजो मिळाला. तारा गंजलेल्या, सहा बटणं बसलेली, घोडी तुटलेली. समोरच्या फळीवर आणि दोन्ही बाजूंना शिंपल्यासारखा पांढरा झळकता पत्रा बारीक पितळी चुकांनी ठोकलेला. त्यावर गोल आरसे आणि लाल-हिरवी बेगड. अमरावतीत पेट्या दुरुस्त करणाऱ्या एका जुन्या कारागिराकडे मी तो नेला. त्यांनी पेटी उलटीपालटी केली आणि म्हणाले, "भाऊ, हे सारं चकचक खरडून काढतो जी. खाली सागवान हाये. पॉलिश मारलं का नवरदेवावानी दिसन."

मी त्यांना आधी तो पत्रा कापडाने घासून बघायला सांगितलं. घासून गरम झालेल्या जागेला नाक लावलं, तर कापराचा वास आला. सेल्युलॉइड ओळखण्याची ही सर्वांत सोपी रीत. चुका एकेक करून काढल्या, तेव्हा आणखी एक गोष्ट लक्षात आली. मोकळा झालेला पत्रा सपाट राहीना, एकाच दिशेने गोल वळू लागला. याचा अर्थ तो मुळात गोल वस्तूवर बसलेला होता. ड्रमच्या कड्याला असाच झळकता पत्रा गुंडाळण्याची रीत आहे. तेव्हा एखाद्या लग्नाच्या बँडमधला फुटका ड्रम मोडीत निघाला आणि त्याचा पोशाख बेंजोने घेतला, असं अनुमान मला करता येतं.

पत्र्याखाली काय होतं? तांबड्या रोगणावर फांदीवर बसलेल्या पक्ष्याचं छापील चित्र आणि त्याखाली पिवळ्या तैलरंगात रंगवलेली अक्षरं. गावाचं नाव पुसून गेलेलं, 'भजनी मंडळ' एवढं स्पष्ट. वरच्या पत्र्यावर निळ्या रंगात दुसरी अक्षरं होती. त्यांतली सुरुवातीची झिजून गेलेली, शेवटी 'कव्वाल पार्टी'. आणि या दोहोंच्या नंतर केव्हातरी फळीला भोक पाडून तारांखाली विजेचा पिकअप बसवलेला, त्याच्या वायरीभोवती काळी चिकटपट्टी.

हे तीन थर म्हणजे तीन काळ आहेत. पहिला, पेटी एका गावाच्या मंडळाची होती आणि सप्त्यात वाजत होती. दुसरा, ती कव्वाल पार्टीकडे गेली, तिच्यावर नवा पोशाख चढला आणि निळी अक्षरं आली. तिसरा, लाउडस्पीकर आला, आवाज वाढवायला पिकअप लागला. बहुतेक ठिकाणी पुढचा टप्पा कॅसिओचा असतो. पेटी माळ्यावर जाते आणि तिचं काम की-बोर्ड करू लागतो. या वाद्याबद्दल, ते वाजवणाऱ्यांबद्दल, एका मंडळाकडून दुसऱ्या पार्टीकडे ते कसं गेलं याबद्दल कुठल्याही वहीत, गॅझेटियरमध्ये, वर्तमानपत्रात ओळ सापडण्याची आशा नाही. जे काही लिहिलेलं आहे ते या फळीवर आहे. खरडून पॉलिश मारलं असतं, तर सागवान नवरदेवासारखं दिसलं असतं आणि तीन काळ एका दुपारी भुशात गेले असते.

कारागिराला हे सांगितलं, तेव्हा ते जरा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "म्हंजे मीनं लय पेट्या धुवून टाकल्या म्हना ना." त्यात त्यांचा काही दोष नाही. गिऱ्हाइकाला नवंकोरं हवं असतं.

राखायचं काय?

आम्ही दोघांनी मिळून ठरवलेली दुरुस्ती अशी होती. वाजण्यासाठी जे लागतं ते नवं घालायचं. पोलादी तारा, बटणांच्या स्प्रिंगा आणि घोडी नवी. पितळी पडदे तेवढे साफ केले. लाकडातली फट सरसाने भरली, कारण सरस पुढे गरम पाण्याने सोडवता येतो. झळकत्या पत्र्याचे तडे सांधायला त्याच पत्र्याचा आतून खरवडलेला चुरा ॲसिटोनमध्ये विरघळवून वापरला. पत्रा पुन्हा त्याच भोकांतून चुकांनी बसवला, पण एका बाजूचा तुकडा काढता येईल असा ठेवला, म्हणजे खालची अक्षरं पाहता यावीत. पत्रा तापवला नाही, कारण सेल्युलॉइड चटकन पेट घेतं. पेटी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळली नाही, कारण जुन्या सेल्युलॉइडमधून निघणारी आम्लाची वाफ कोंडली गेली तर ते स्वतः सडतं आणि जवळच्या तारा-पडद्यांना गंज चढवतं. सुती कापडाची खोळ आणि हवा, एवढं पुरतं. आरसे आणि बेगड जशी होती तशी राहिली. जिथे आरसा निखळला होता तिथे नवा लावला नाही. पिकअपही तिथेच आहे.

पेटी आता वाजते. आवाज गोड म्हणण्यासारखा नाही. तो खणखणीत आहे आणि थोडा कर्कश, मैदानासाठी घडवलेल्या वाद्याचा असायला हवा तसा.

अलीकडे बेंजोकडे थोडं लक्ष जाऊ लागलं आहे. रवी जाधव यांनी २०१६ मध्ये 'बँजो' नावाचा हिंदी चित्रपट काढला, त्यात रितेश देशमुख मुंबईच्या वस्तीतला बेंजोवादक झाला होता. मुंबई-कोकणातल्या बेंजो पार्ट्या गणपतीच्या मिरवणुकींतून टिकून आहेत. वऱ्हाडातला बेंजो मात्र निमूटपणे माळ्यावर गेला आहे, आणि जे वाजवत ते आता सत्तरी-ऐंशीत आहेत. वाद्यं संग्रहालयात गेली तर आनंदच आहे. पण तिथे न्यायची म्हणून आधी ती घासून-पुसून 'सभ्य' करण्याची आपली सवय आहे, ती सोडायला हवी. अमेरिकेत गुलामांच्या भोपळ्याच्या वाद्यांपैकी फारच थोडी उरली. त्यांचा इतिहास आज चित्रांवरून आणि मालकवर्गाने लिहिलेल्या वर्णनांवरून जुळवावा लागतो. आपल्याकडे वाद्यं अजून हाताशी आहेत आणि वाजवणारेही.

म्हणून वाचकांना एक विनंती. तुमच्या गावात समाजमंदिराच्या कपाटात, विहारात, दर्ग्याच्या खोलीत, भजनी मंडळाच्या पेटाऱ्यात असा बेंजो असेल, तर दुरुस्तीला देण्याआधी त्याचे चारही बाजूंनी फोटो काढा. पत्र्यावरची, फळीवरची, आतल्या बाजूची अक्षरं जशी दिसतात तशी उतरवून घ्या, अर्धवट असली तरी. तो कोणी आणला, कोणी वाजवला, कुठल्या जत्रेत आणि कुठल्या जयंतीला वाजला, हे सांगणारं माणूस गावात असेल तर त्याच्या शब्दांत लिहून घ्या, वऱ्हाडीत सांगितलं तर वऱ्हाडीतच. फोटो आणि कागद यांची एक प्रत जवळच्या सार्वजनिक वाचनालयात ठेवा. आणि कारागिराला एवढंच सांगा, "तारा बदला, पण बेगड राहू द्या."